पुढची पाती नारिंगी

सून : उकळी नको बाबा. ऐंशीच्या आतच ठेवायचं. त्याच्या पुढे गेलं की पातं वाकतं.

सासरे : वाकलं तर दिसेल की आपल्याला.

सून : दिसत नाही, तीच तर पंचाईत. केसाएवढं वाकतं. हातात घेतलं तर सरळच वाटतं, आणि हवेत गेलं की अख्खं ड्रोन थरथरायला लागतं.

सासरे : बत्तीस वर्षं रंगाच्या हंड्यापाशी उभा होतो मी. पाणी किती तापलंय ते वाफेवरून कळतं मला. आत्ता हे पंच्याहत्तर आहे.

सून : थांबा, काटा बघते. चौऱ्याहत्तर.

सासरे : तुझा काटा एका अंशाने चुकत असेल.

सून : आतलं दार लावलंत ना? ही वाफ ठकूच्या नाकात जायला नको.

सासरे : लावलंय. खिडकी उघडी आहे. ठकूबाई झोपल्यात. हे तू तिसऱ्यांदा विचारलंस.

सून : सात महिन्यांचं बाळ आहे, विचारणारच.

सासरे : विचार की. मी फक्त मोजतोय. आणि पातेल्यावर हे काय लिहून ठेवलंयस? चष्मा नाही माझ्याकडे.

सून : ‘रंगाचे. स्वयंपाकात घेऊ नये.’

सासरे : कुणासाठी? या घरात वाचता येतं तिघांना, आणि तिघांनाही माहीत आहे.

सून : तुमच्या चिरंजीवांना माहीत असून उपयोग नसतो. उद्या सकाळी यातच चहा टाकतील.

सासरे : ते खरं. बरं, मला एक सांग. एवढा खटाटोप करण्यापेक्षा ब्रश घ्यायचा आणि दोन हात रंग मारायचा. पाच मिनिटांचं काम.

सून : रंग मारला की तो वर बसतो. पात्याच्या एका टोकाला थेंबभर जास्त बसला, तरी ते टोक जड. मिनिटाला हजारो वेळा फिरतं हे, बाबा. थेंबाचंसुद्धा ओझं होतं त्याला.

सासरे : म्हणजे वर बसायला नको, आत मुरायला हवा.

सून : हो.

सासरे : मग हे आमचंच काम की. मला वाटलं होतं, सूनबाईंच्या ऑफिसातलं काहीतरी अवघड असणार.

सून : म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मी व्हिडिओ बघून एक जुनं पातं केलं परवा. ठिपके ठिपके आले, गोवर निघाल्यासारखे.

सासरे : धुतलं होतंस का आधी?

सून : पाण्याने.

सासरे : पाण्याने काय होतंय? बोटांचं तेल असतं त्यावर. साबण लावायचा, मग कोमट पाण्यात खळबळून काढायचं, आणि त्यानंतर नुसत्या हाताने धरायचंच नाही. आम्ही नव्या माणसाला पहिले आठ दिवस फक्त सूत धुवायला लावायचो. रंगाला हात लावू द्यायचो नाही.

सून : मला आठ दिवस नाहीत. उद्या सकाळी दहा वाजता उडवून दाखवायचंय.

सासरे : माहितीये. त्या पाण्याच्या टाकीपाशीच?

सून : त्याच टाकीपाशी. ऑफिसातल्या आमच्या बाई म्हणाल्या, ड्रोन जिथे पडलं तिथेच परत उडव. टाकीच्या चारही बाजूंचे फोटो काढ, भेगा दाखव, आणि जिथून उडवलंस तिथेच आणून उतरव. जमलं तर पूर्वीसारखं काम सुरू.

सासरे : आणि नाही जमलं तर?

सून : तर ऑफिसात बसून दुसऱ्यांनी काढलेले फोटो बघायचे. भेग सापडली की तिच्याभोवती लाल गोल काढायचा. दिवसभर. बाई वाईट नाहीत हो. म्हणाल्या, तुला बाळ आहे, तसं तुला बरंच पडेल ते.

सासरे : तुला पडेल बरं?

सून : तुम्हीच सांगा.

सासरे : मी काय सांगू? तू उडवून आलीस की जेवताना हात हलवून हलवून सांगतेस, पूल खालून कसा दिसतो, धुराड्याच्या तोंडाशी पक्ष्याने घरटं कसं केलंय. गोल काढून आलीस तर जेवताना काय सांगणार?

सून : म्हणून नारिंगी. पुढची दोन पाती नारिंगी, मागची दोन पांढरी. फिरायला लागलं की पातं दिसत नाही, नुसतं रंगाचं चक्र दिसतं. ढगाळ आकाशात सगळं एकसारखं करडं असतं, तेव्हा ड्रोनचं तोंड कुठे आणि पाठ कुठे, हे मला एका नजरेत कळायला हवं.

सासरे : आधी कळत नव्हतं?

सून : आधी… कळायचं. अठ्ठ्याहत्तर झालं, बघा.

सासरे : कमी करतो. दोरा आणलाय मी, हा घे. तळाला टेकू द्यायचं नाही म्हणालीस ना?

सून : हो, तळाशी जास्त गरम असतं. लोंबकळत ठेवायचं. केवढा वेळ लागला तुम्हाला एक दोरा आणायला.

सासरे : तुझ्या दोऱ्याच्या डब्यात दोरा सोडून बरंच काही असतं.

सून : काय?

सासरे : काही नाही. बटणं, सुया, कागद. पिशवीतली दोन पाती दे इकडे, गाठ मारतो. अशी गाठ मारतो की एका झटक्यात सुटेल आणि तोवर हलणार नाही.

सून : चार आहेत पिशवीत. धुऊन ठेवलीत. हातमोजे घाला. बाबा, आवाज आला का?

सासरे : कसला?

सून : ठकू उठली.

सासरे : नाही गं. कूस बदलली असेल.

सून : बघून येते. तुम्ही दोन काढा आणि सोडा आत. वेळ लावा घड्याळात.

सासरे : जा, जा.

सून : झोपलीये. पाय बाहेर काढला होता पांघरुणातून.

सासरे : बघितलंस? आता इकडे बघ. चार मिनिटं झाली. हलवत राहायचं, थांबायचं नाही. थांबलं की जिथे टेकलं तिथे फिकं राहतं. आणि ही पट्टी बघ.

सून : ही कुठली?

सासरे : तुझ्या त्या गोवर निघालेल्या पात्याचं कोरं टोक कापलं मी. हे त्यांच्याबरोबरच सोडलंय. आम्ही प्रत्येक रंगाबरोबर एक साक्षीदार सोडायचो, सुताची छोटी लडी. माल बाहेर काढायच्या आधी ती काढून बघायची. चुकलं असेल तर तिच्यावर कळतं, मालाला धक्का लागत नाही.

सून : कसा आलाय?

सासरे : ओला रंग खोटं बोलतो. वाळल्यावर एक पायरी उतरतो. अजून दोन मिनिटं.

सून : तुम्हाला हे सगळं आठवतं.

सासरे : हाताला आठवतं. मला विचारशील तर काल काय जेवलो ते सांगता येणार नाही. काढू?

सून : काढा. आधी कोमट पाण्यात, मग गार. एकदम गार नको.

सासरे : मला शिकवतेस? हे घे. कसा आहे?

सून : किती सुंदर. ठिपका नाही एकसुद्धा. दोन्ही अगदी सारखी.

सासरे : सारखीच असणार. निवडताना चारही एकावर एक ठेवून बघितली मी. ही दोन तंतोतंत बसली. म्हटलं, ही खरी जोडी.

सून : तंतोतंत?

सासरे : जुळ्यासारखी.

सून : बाबा, इकडे द्या. दोन्ही द्या. उजेडात.

सासरे : काय झालं?

सून : मध्ये ही बारीक गोल खूण आहे बघा. याच्यावर आहे, आणि याच्यावरही आहे.

सासरे : असेल. चष्मा नव्हता मला. मग?

सून : खुणेचं पातं एका बाजूला फिरतं, बिनखुणेचं उलट बाजूला. पुढे एक हे लागतं आणि एक ते. ही जोडी नाही बाबा. या दोन डाव्या चपला आहेत.

सासरे : अरे देवा.

सून : दोन्ही पुढे लावली तर उडायच्या आधीच कलंडेल. आणि जिथली तिथे लावली, तर एक नारिंगी पुढे येईल आणि एक मागे, तिरकी. मग तोंड कुठे नि पाठ कुठे? याच्यापेक्षा पांढरं बरं होतं.

सासरे : माझं चुकलं. विचारायला हवं होतं.

सून : तुमचं नाही. सांगणार होते मी. पिशवी हातात घेतली होती, तोंडावर आलं होतं, एक खुणेचं आणि एक बिनखुणेचं द्या म्हणून. तेवढ्यात ती कुरकुरली असं वाटलं आणि मी गेले. कुरकुरलीसुद्धा नव्हती ती. पुन्हा तेच झालं.

सासरे : पुन्हा म्हणजे?

सून : काही नाही.

सासरे : बस जरा त्या स्टुलावर. गॅस बंद करतो. पुन्हा म्हणजे काय गं?

सून : काही नाही म्हटलं ना.

सासरे : त्या दिवशी वारा आला आणि ड्रोन टाकीवर आपटलं, असं सांगितलंस तू आम्हाला.

सून : हो.

सासरे : त्या दिवशी मी गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या. चिमटे लावले नव्हते. एकही चादर उडाली नाही.

सून : एकोणीस दिवस झाले, तुम्ही हे आज बोलताय?

सासरे : टाकी लांब आहे. म्हटलं, तिकडे असेल वारा.

सून : नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं. ढग होते फक्त. ड्रोन टाकीच्या वर होतं आणि मी खाली बघितलं. दोन सेकंद, तीन असतील. वर बघितलं तर आकाशात एक करडा ठिपका. तोंड माझ्याकडे की पाठ, काही कळेना. मागे घ्यायला गेले आणि ते सरळ टाकीवर गेलं. तिथून खाली. खाली एक बाई धुणं वाळत घालत होती. तिच्यापासून चार पावलांवर पडलं. चारच, मी नंतर मोजली. ती हातातला शर्ट झटकत तशीच उभी राहिली. माझ्याच वयाची असेल.

सासरे : तिला लागलं नाही ना?

सून : नाही. कुणालाच नाही. पण रोज झोपताना मी ती चार पावलं मोजते.

सासरे : खाली का बघितलंस?

सून : असंच.

सासरे : किती वाजले होते?

सून : बाबा, ते जाऊ द्या ना.

सासरे : सांग की.

सून : अकरा वीस.

सासरे : अकरा वीसला मी फोन केला होता तुला.

सून : हो, वाजला होता.

सासरे : तू उचलला नाहीस. मग दुपारी तूच केलास आणि रडायला लागलीस, ड्रोन पडलं म्हणून.

सून : तुमचा काही दोष नाही. पहिला आठवडा होता माझा, बाळंतपणाची सुट्टी संपल्यावरचा. मीच बजावलं होतं तुम्हाला, एवढंसं काही असलं तरी फोन करा. आणि आमच्यात नियम आहे, उडवताना फोन गाडीत ठेवायचा. मी खिशात ठेवला होता. सगळं माझंच.

सासरे : एकोणीस दिवस तू हे पोटात ठेवलंस.

सून : तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही परत कधी फोन केला नसता. ठकूला ताप आला असता तरी नसता केला. ओळखते मी तुम्हाला. चमच्यासाठी होता ना तो? छोटा चमचा सापडत नव्हता म्हणून?

सासरे : हो. चमच्यासाठीच.

सून : बघा. एका चमच्यासाठी.

सासरे : हं. आणि ऑफिसात काय सांगितलंस?

सून : अहवालात ‘अचानक वारा’ असं लिहिलं. बाईंनी सही केली.

सासरे : आता माझं ऐक. दोऱ्याच्या डब्यातला कागद मी वाचला. चष्मा नव्हता, तरी वरचं मोठं अक्षर दिसतं मला. पाळणाघराचा आहे.

सून : बाबा…

सासरे : घाल की. वाईट काय त्यात? चार मुलं असतात, खेळणी असतात. मी म्हातारा माणूस, दिवसभर तिला काय दाखवणार? मला फक्त वाटलं, माझ्या हातून काहीतरी राहिलं असेल. तिचं अंग नीट पुसलं नाही, किंवा जास्त भरवलं. ते सांगितलं असतंस तर मी सुधारलं असतं.

सून : तसं नाही हो. अजिबात नाही. तुमच्याकडे ती जेवढी हसते तेवढी माझ्याकडेसुद्धा नाही हसत. पाळणाघरवाल्या फोन करत नाहीत. संध्याकाळी पाचला मूल हातात देतात आणि सांगतात, छान होती. खरं-खोटं त्यांनाच माहीत. मला वाटलं, फोन वाजणारच नाही म्हटलं की खिशाकडे हात जाणार नाही. तुम्ही घरी असलात की फोन येईलसं वाटत राहतं. आला नाही की का आला नाही, असं वाटतं.

सासरे : म्हणजे मी फोन केला तरी पंचाईत, नाही केला तरी पंचाईत.

सून : मला ठाऊक आहे, हे वेडेपणाचं आहे.

सासरे : वेडेपणा कसला? आमच्या रंगखान्यात अशी दहा माणसं होती, नऊ जणांना लहान मुलं. सगळे हंड्यावर उभे. लडी खालीवर करत राहायच्या, क्षणभर थांबलं की सुतावर फिका पट्टा पडला. मग त्यांच्या घरून निरोप यायचे नाहीत का? रोज यायचे. म्हणून दाराबाहेर प्रत्येकाच्या नावाची एक खुंटी होती. लडी हंड्यात असताना रंगाऱ्याला हाक मारायची नाही. निरोप घेऊन आलेल्या माणसाने त्याच्या नावाच्या जागी पांढरी चिंधी लटकवायची आणि बाहेर बसायचं. लडी बाहेर निघाल्या की तो येऊन बघायचा.

सून : आणि घाईचं असलं तर?

सासरे : तर लाल. लाल घेऊन आलेला माणूस दाराशी थांबायचा नाही, सरळ आत यायचा आणि स्वतः हंडा धरायचा. रंगाऱ्याने सुटायचं. हंडा मोकळा सोडून कुणी पळायचं नाही.

सून : तुम्हाला लाल आली होती कधी?

सासरे : दोनदा. तुझा नवरा झाडावरून पडला तेव्हा एकदा.

सून : आणि दुसऱ्यांदा?

सासरे : दुसऱ्यांदा त्याची आई गेली तेव्हा. बत्तीस वर्षांत दोन लाल. पांढऱ्या किती आल्या असतील, देव जाणे. येताना साखर आणा. शेजाऱ्यांना मुलगी झाली. पोरगा शाळेत पहिला आला. सगळं संध्याकाळी कळायचं आणि काही बिघडायचं नाही.

सून : तुम्हाला आत काळजी नाही वाटायची?

सासरे : वाटायची. पण चिंधी लाल असली तर माणूस आत येणार, हे माहीत होतं. कुणी आत आलं नाही, म्हणजे जे काय आहे ते थांबू शकतं. मान वळवून खुंटीकडे बघायची गरज नाही.

सून : माझ्याबरोबर एक जोडीदार असतो, आकाशावर लक्ष ठेवायला. त्याच्याकडे फोन असतो, तसा नियमच आहे. त्या दिवशी तो टाकीच्या पलीकडे होता, त्याला माझा खिसा दिसला नाही.

सासरे : त्याला ड्रोन उतरवता येतं?

सून : येतं की. दोघांनाही येतं.

सासरे : मग त्याचा नंबर मला लिहून दे. मोठ्या अक्षरात. तो माझा लाल. आणि तुझा फोन गाडीत.

सून : आणि पांढऱ्या?

सासरे : या दाराच्या मागे खिळा आहे. माझी जुनी उशी फाडायचीच आहे. अडलं तर चिंधी लावीन. दुपारी उतरवलंस की तू फोन कर, मी वाचून दाखवतो.

सून : चिंधीवर काय वाचणार तुम्ही?

सासरे : लक्षात राहील गं. काल काय जेवलो ते नाही राहत, पण हिचं राहतं. आता ऊठ. हे निस्तरायला हवं.

सून : काय निस्तरणार? नवा संच यायला चार दिवस लागतात. रंग धुऊन काढता येईल?

सासरे : चढलेला रंग उतरवायच्या भानगडीत पडायचं नाही. माल मरतो. पण वर दुसरा चढवता येतो. तुझ्याकडे गडद काही आहे?

सून : गडद निळा आहे. दोन पुड्या आणल्या होत्या, ठरत नव्हतं म्हणून.

सासरे : तुझं ठरत नाही ते बरं असतं कधीकधी. मग बघ. खुणेची दोन्ही नारिंगी झाली. त्यातलं एक तसंच ठेवायचं. बिनखुणेच्या दोन पांढऱ्यांतलं एक नारिंगी करायचं. झाली तुझी पुढची जोडी, एक डावी चप्पल, एक उजवी.

सून : आणि उरलेलं नारिंगी?

सासरे : ते आणि उरलेलं पांढरं, दोन्ही निळ्यात. नारिंगीवर निळा चढला की जवळजवळ काळा होईल. पांढऱ्यावरचा निळाच राहील. जवळून बघितलं तर वेगळी दिसतील, पण शंभर फुटांवर दोन्ही काळपट.

सून : पुढे नारिंगी, मागे गडद. ढगावर पांढरं नाहीतरी दिसलंच नसतं. पण बाबा, दुसरं नारिंगी पहिल्यासारखं येईल? पाण्यातला रंग ओढला गेला असेल ना?

सासरे : आता विचारलंस रंगाऱ्यासारखं. ओढला गेलाय. म्हणून सहाऐवजी नऊ-दहा मिनिटं लागतील. किती ते घड्याळाला विचारायचं नाही, या पट्टीला विचारायचं. साक्षीदार वाळलाय. ओलं पातं त्याच्याहून पायरीभर गडद दिसलं, म्हणजे जुळलं; मग काढायचं. जुळलं का ते तू बघ. माझे डोळे आता छटांना पुरत नाहीत.

सून : आधी चष्मा आणा. आणि या वेळी कुठलं पातं आत जातंय ते दोघांनी मोठ्याने म्हणायचं.

सासरे : म्हणतो. चष्मा लावला, गॅसही लावला. बिनखुणेचं, एक.

सून : बिनखुणेचं, एक. किती तापलंय?

सासरे : सत्तर.

सून : एकाहत्तर. सोडा. वाळल्यावर चारही पाती सुईवर तोलून बघायची आहेत. कुठलंच टोक खाली जायला नको.

सासरे : तोलू. सूनबाई, आवाज आला का?

सून : कसला? ठकूचा?

सासरे : मी बघून येतो. तू पट्टीकडे बघ. मान वळवू नकोस.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, फोनवर.)

सून : बाबा, मी बोलतेय. उतरवलं.

सासरे : उतरवलंस की उतरलं?

सून : उतरवलं. जिथून उडवलं होतं, तिथून वीतभरसुद्धा इकडे-तिकडे नाही. चारही बाजू घेतल्या. उत्तरेकडे एक भेग सापडली, हातभर लांब. बाईंनी स्वतः पडद्यावर बघितली.

सासरे : आणि रंग?

सून : काय सांगू. आकाश अगदी राखेसारखं होतं. त्यात पुढे दोन नारिंगी चक्रं. टाकीच्या मागे जाऊन परत आलं ना, तर आधी ती चक्रं दिसली, ड्रोन नंतर. माझ्याकडेच बघत येत होतं.

सासरे : छटा जुळली होती?

सून : जवळून बघितलं तर डावं जरासं फिकं आहे.

सासरे : माहितीये. काल बोललो नाही. म्हटलं, झोपशील तरी.

सून : मलाही दिसलं होतं. मीही बोलले नाही.

सासरे : बरं. मग पूर्वीसारखं सुरू?

सून : नाही. लगेच नाही. उतरवल्यावर मी बाईंना खरं सांगितलं. वारा नव्हता म्हणून.

सासरे : विचारलं होतं त्यांनी?

सून : नाही. पण त्या म्हणाल्या, आज वारा नव्हता ते बरं झालं. मला पुढे ऐकवेना.

सासरे : काय म्हणाल्या मग?

सून : म्हणाल्या, अहवाल परत लिही, तुझ्या हाताने. दोन महिने एकटीने उडवायचं नाही, शेजारी त्या स्वतः उभ्या राहणार. नंतर बघू म्हणाल्या. पण उडवायचं. गोल काढायचे नाहीत.

सासरे : म्हणजे सूत धुवायला लावलं.

सून : दोन महिने.

सासरे : धू. आम्हीही धुतलं. जेवलीस का?

सून : जेवते आता. आधी त्या बाईंकडे जाऊन आले, धुणं वाळत घालणाऱ्या. सांगितलं त्यांना, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, लाल-निळं काहीतरी फिरत होतं आज, आमची पोरं बघत होती.

सासरे : नारिंगी म्हणावं.

सून : सांगितलं मी. बाबा, पाळणाघराचा तो कागद डब्यातून काढून टाका.

सासरे : मी कशाला टाकू? तू ठेवलास, तू टाक. आधी इथे बघ, खिळ्यावर तीन चिंध्या आहेत. वाचू?

सून : तीन? वाचा. थांबा, घाईचं काही नाही ना?

सासरे : घाईचं असतं तर तुझा जोडीदार धावत आला असता. पहिली, तिचा डावा मोजा हरवलाय. एकच घातलाय, ऐटीत आहे. दुसरी, तिला आज गाजर दिलं. माझ्या सदऱ्यावर तुझ्या पात्याचा रंग आलाय, आणि तो अगदी एकसारखा आलाय.

सून : साबण लावून ठेवा त्याला. आणि तिसरी?

सासरे : तिसरी जुनी आहे.

सून : जुनी कशी? खिळ्यावर चिंध्या आजच तर लावायला लागलात.

सासरे : एकोणीस दिवसांपूर्वीची. आज वीस झाले. तू आज तिकडे खरं सांगून आलीस, मग मला वाटलं, माझंही एक राहिलंय. चमचा हरवला नव्हता गं.

सून : मग फोन कशाला केला होतात?

सासरे : ठकू बसली होती. उशी नाही, हात नाही, काही नाही. स्वतःची स्वतः. म्हटलं, हिच्या आईला सांगावं.

सून : पण ती तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसली. माझ्यासमोर. मी ओरडले केवढी. तुम्हीच म्हणालात, बघ, पहिल्यांदा बसली.

सासरे : पहिल्यांदाच बसली ती. आदल्या दिवशी मी चष्मा लावला नव्हता.